कोंबडी कोणाची?

जनावर अर्धलीनं देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. एकाकडे पैसा असतो, पण राखणीला माणूस नसतो. दुसऱ्याकडे राबणारे हात असतात, पण शेळी घ्यायला पैसा नसतो. पहिला शेळी विकत घेऊन दुसऱ्याच्या दारात बांधतो. शेळी मालकाची, चारापाणी पाळणाऱ्याचं आणि करडं निम्मी-निम्मी. गावागणिक तपशील बदलतात, नावंही बदलतात. कोंबड्यांच्या बाबतीतही असे वाट्याचे व्यवहार होतात. पण सगळ्यांचं मर्म त्या शेवटच्या कलमात आहे. जनावर वितं, म्हणून पाळणाऱ्याच्या वाट्याला काही येतं आणि काही वेतांनंतर त्याच्या दारात त्याच्या स्वतःच्या मालकीची शेळी उभी राहते.

ही रीत फक्त आपली नव्हे. फ्रान्समध्ये १८०४ साली जी दिवाणी संहिता लागू झाली, तिच्यात या व्यवहारासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. तिथं त्याला 'शेप्तेल' म्हणतात. जनावर मालकाचं, दूध, शेण आणि जनावराची मेहनत पाळणाऱ्याची, लोकर आणि पैदास वाटून घ्यायची. सगळा कळप पाळणाऱ्याची चूक नसताना मेला, तर नुकसान मालकाचं. इतकंच सांगून कायदा थांबत नाही. पाळणाऱ्यानं नफ्यात जेवढा वाटा घ्यायचा, त्याहून मोठा वाटा तोट्यात उचलायचा, असं कलम करारात घातलं तर ते रद्दबातल समजावं, असंही तो बजावतो. 'शेप्तेल' हा शब्द आणि इंग्रजीतले 'कॅटल' व 'कॅपिटल' हे शब्द लॅटिनमधल्या एकाच मुळाचे आहेत. जनावर हेच भांडवल होतं, कारण ते आपसूक वाढत होतं. आपणही पशुधनच म्हणतो.

गेली काही वर्षं मी ब्रॉयलर कोंबड्यांच्या करारपालनाविषयी मिळेल ते वाचतो आहे. करारांचे नमुनेही जमवतो आहे. हे करार वरवर पाहता अर्धलीसारखेच दिसतात. एक दिवसाची पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधं आणि लसी कंपनीच्या. शेतकऱ्याची शेड, वीज, पाणी, खाली अंथरायचं साळीचं तूस आणि राबणूक. साधारण सहा आठवड्यांनी कंपनीची गाडी येते, पक्षी वजन करून भरले जातात आणि किलोमागं ठरलेला पालनदर शेतकऱ्याला मिळतो. मर जास्त झाली किंवा खाद्य जास्त लागलं तर दर कापला जातो; उलट झालं तर बक्षिसी मिळते. पक्षी पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत कंपनीच्या मालकीचे असतात, हे करारात स्पष्ट लिहिलेलं असतं.

अर्धलीतलं निम्मं इथं नाही. ते कुठं गेलं, याचा माग काढायचा तर शंभर वर्षं मागं आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जावं लागतं.

*

डेलावेअर राज्यातल्या ओशन व्ह्यू गावी सेसिल स्टील नावाची बाई राहत होती. नवरा तटरक्षक दलात नोकरीला. १९२३ साली तिनं घरच्या अंड्यांसाठी पन्नास पिल्लं मागवली आणि उबवणी केंद्राच्या चुकीनं पाचशे आली. तिनं ती परत पाठवली नाहीत. लहानशी शेड बांधून वाढवली आणि अठरा आठवड्यांनी, मर वगळून उरलेले ३८७ पक्षी सुमारे दोन पौंड वजनाचे झाल्यावर पौंडाला ६२ सेंट दरानं विकले. पुढच्या वर्षी तिनं हजार पिल्लं मागवली. १९२६ साली तिच्याकडे दहा हजार पिल्लांची सोय झाली होती. अमेरिकेतल्या ब्रॉयलर धंद्याची सुरुवात या शेडपासून मोजतात आणि तिची एक शेड राष्ट्रीय वारसा म्हणून जपलेली आहे.

त्याआधी अमेरिकेतही कोंबडीचं मांस हे अंड्यांच्या धंद्याचं उपउत्पादन होतं. जास्तीचे कोंबडे आणि अंडी द्यायची थांबलेली कोंबडी, एवढंच खायला मिळे. अंडी विकून आलेला पैसा घरच्या बाईचा मानला जाई. आपल्या खेड्यांतही गावरान अंड्यांचा पैसा बहुधा बाईच्याच बटव्यात जातो. त्यातून पोराची वही येते, तेल-मीठ येतं. सेसिल स्टीलनं याच बटव्यातून मोठा धंदा उभा केला.

तिला हे जमलं यामागं त्या काळात जुळून आलेल्या काही गोष्टी होत्या. उबवणी यंत्र कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावी १८७९ सालीच तयार झालं होतं. त्यामुळे खुडूक कोंबडीची गरज संपली. पिल्लू अंड्यातून बाहेर येण्याआधी उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन-तीन दिवस दाणापाण्याविना तग धरतं. या गुणाचा फायदा घेऊन अमेरिकी टपाल खात्यानं १९१८ पासून एक दिवसाची पिल्लं टपालानं न्यायला सुरुवात केली. आणि विसाच्या दशकात ड जीवनसत्त्वाचा उलगडा झाला. तोवर ऊन न मिळणारी पिल्लं पायानं अधू होत. आता खाद्यात कॉड माशाच्या यकृताचं तेल मिसळलं की थंडीतही, छपराखाली, हजारोंनी पक्षी वाढवता येऊ लागले. कोंबडी अंगणातून शेडमध्ये गेली.

पण सेसिल स्टीलच्या कोंबड्या तिच्याच होत्या. पिल्लांची किंमत तिनं दिली, मर तिनं सोसली आणि ६२ सेंटही तिनंच घेतले.

*

मालकी बदलली ती दक्षिणेत, जॉर्जिया राज्यात. तिथल्या डोंगराळ भागात कापूस पिकायचा. दुकानदार बी, खत आणि घरखर्चाला उधारी द्यायचा आणि पीक आलं की आधी आपलं वसूल करायचा. आपल्या सावकारीहून हे वेगळं नव्हतं. कापसावरच्या बोंड-भुंग्यानं आणि नंतर महामंदीनं हा भाग कंगाल केला. गेन्सव्हिल गावात जेसी ज्यूएल हा घरचं बी-बियाणं आणि पशुखाद्याचं दुकान चालवत होता. खाद्य विकायचं तर लोकांकडे कोंबड्या हव्यात आणि लोकांकडे पैसा तर नाही. म्हणून त्यानं तिसाच्या दशकात शेतकऱ्यांना पिल्लं आणि खाद्य उधारीवर द्यायला सुरुवात केली. पक्षी मोठे झाले की तोच परत घ्यायचा, विकायचा, आपली उधारी कापून उरलेले पैसे शेतकऱ्याला द्यायचा.

दुसऱ्या महायुद्धानं त्याला हात दिला. अमेरिकेत गाई-डुकरांच्या मांसावर रेशन होतं, कोंबडीवर नव्हतं. डेलावेअरच्या पट्ट्यातल्या कोंबड्या सरकार सैन्यासाठी घेऊ लागलं, तेव्हा मोकळी झालेली बाजारपेठ जॉर्जियाला मिळाली. ज्यूएलनं कत्तल-प्रक्रियेचा कारखाना काढला, उबवणी केंद्र काढलं, १९५४ पर्यंत खाद्याची गिरणीही काढली. अंड्यापासून गोठवलेल्या कोंबडीपर्यंत सगळं एका हाताखाली आलं. फक्त एक टप्पा त्यानं आणि त्याच्यासारख्यांनी स्वतःकडे घेतला नाही: प्रत्यक्ष कोंबड्या वाढवण्याचा.

याचं कारण सोपं आहे. सगळ्या साखळीत जागा आणि बांधकाम यांत सर्वाधिक पैसा अडकतो तो इथं, रोजची राबणूक इथं आणि मेलेले पक्षी उचलण्याचं कामही इथंच. गिरणीत घातलेला पैसा शेकडो शेडना पुरतो. शेडमध्ये घातलेला पैसा त्याच शेडला पुरतो.

पन्नासच्या दशकात उत्पादन वाढलं आणि दर पुन्हा पुन्हा कोसळले. उधारीवर पिल्लं घेतलेल्या शेतकऱ्यांना बॅच विकून खाद्याचे पैसेही फिटेनात. तेव्हा खाद्य कंपन्यांनी वेगळा तोडगा काढला: पक्षी आमचेच राहू देत, बाजाराचं आम्ही बघू, तुम्हाला वाढवण्याची ठरलेली मजुरी देतो. बुडत्या शेतकऱ्याला हा आधारच वाटला आणि तो खरोखर आधार होता, हे नाकारून चालणार नाही. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतले नव्वद टक्के ब्रॉयलर या एकत्रित पद्धतीखाली आले होते. शेतकऱ्यानं दराची जोखीम दिली आणि तिच्यासोबत कोंबडीही देऊन टाकली.

*

तरीही एक दार उघडं होतं. कुणाला ही साखळी नको असेल, तर तो स्वतःच्या कोंबड्यांची अंडी उबवून स्वतःचा कळप वाढवू शकत होता. ते दार शास्त्रानं बंद केलं.

१९४५ साली ए अँड पी या किराणा दुकानांच्या साखळीतल्या हॉवर्ड पिअर्स या अधिकाऱ्यानं 'उद्याची कोंबडी' या स्पर्धेची कल्पना मांडली. भरदार छातीची, लवकर वाढणारी, कमी खाणारी कोंबडी कोण घडवतो ते पाहायचं. राज्य आणि विभाग पातळीवरच्या फेऱ्या होऊन १९४८ साली डेलावेअरमध्ये अंतिम स्पर्धा झाली. सगळ्यांची अंडी एकाच ठिकाणी उबवली, पिल्लं एकाच पद्धतीनं वाढवली आणि बारा आठवड्यांनी कापून गुण दिले. पहिला आला कॅलिफोर्नियाचा चार्ल्स व्हॅन्ट्रेस. कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर या जातींच्या संकरातून त्यानं तांबडी कोंबडी घडवली होती. शुद्ध जातींत कनेक्टिकटच्या आर्बर एकर्स फार्मचा पांढरा रॉक गाजला. १९५१ सालीही व्हॅन्ट्रेसच जिंकला.

संकराची ही वाट मक्यानं आधीच दाखवली होती. हेन्री वॉलेस यांनी १९२६ साली संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली; पुढं ते अमेरिकेचे कृषिमंत्री आणि मग उपराष्ट्राध्यक्ष झाले. त्याच कंपनीनं १९३६ मध्ये संकरित कोंबड्यांचं काम सुरू केलं आणि त्यातून अंड्यांच्या कोंबड्यांचा 'हाय-लाइन' हा वाण आला. संकरित बियाण्याचं मर्म आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको: पहिल्या पिढीत जोम असतो, घरचं बी धरलं की पुढच्या पिढीत तो विस्कटतो. ब्रॉयलरचं तेच आहे. पणज्या, आज्या आणि आईबाप असे वेगवेगळे कळप ठेवून, ठरावीक नर-माद्या जुळवून शेवटी शेडमधलं पिल्लू तयार होतं. शेडमधल्या पिल्लांना वाढवून त्यांची पिल्लं धरली, तर ती आईबापासारखी निघत नाहीत. पेटंट नको, पहारा नको. कुलूप रक्तातच आहे.

याचा फायदा खराच मोठा झाला. अमेरिकी धंद्याच्या आकडेवारीनुसार १९२५ साली अडीच पौंडांची कोंबडी तयार व्हायला ११२ दिवस लागत आणि एक पौंड वजनामागं ४.७ पौंड खाद्य लागे. २००० साली पाच पौंडांची कोंबडी ४७ दिवसांत होऊ लागली आणि पौंडामागं खाद्य दोन पौंडांच्याही आत आलं. हे सगळं खाद्यामुळं की रक्तामुळं, याची पडताळणी कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात झाली. १९५७ आणि १९७८ सालचे जपून ठेवलेले वाण आणि २००५ सालचा वाण, असे तिन्ही सारख्याच खाद्यावर वाढवले. छप्पन्न दिवसांनी पहिल्याचं सरासरी वजन भरलं ९०५ ग्रॅम, दुसऱ्याचं १८०८ ग्रॅम आणि तिसऱ्याचं ४२०२ ग्रॅम. गरिबाच्या ताटात मांस आलं ते या आकड्यांमुळं. त्याची दुसरी बाजूही आहे: इतक्या वेगानं वाढणाऱ्या पक्ष्याचे पाय आणि काळीज अनेकदा त्याच्या वजनाला पुरे पडत नाहीत.

त्या स्पर्धेतली दोन्ही नावं आजही आहेत. १९८६ साली टायसन आणि अपजॉन या कंपन्यांच्या भागीदारीतून कॉब-व्हॅन्ट्रेस उभी राहिली. १९९४ पासून ती पूर्णपणे टायसनची आहे. आर्बर एकर्स हा एव्हिएजेन कंपनीचा वाण आहे. जगातल्या ब्रॉयलरचं मूळ वाण-संवर्धन आज मुख्यतः याच दोन गटांच्या हाती आहे.

अर्धलीतलं निम्मं इथं गेलं. निम्मं असायचं ते पैदाशीतलं. ज्या पक्ष्याची पैदास पाळणाऱ्याच्या दारात होणारच नाही, त्याच्यात वाटून घ्यायला काही उरत नाही. उरते ती फक्त मजुरी.

*

भारतात ही साखळी आली तेव्हा तिचं एक केंद्र पुणं झालं. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली हैदराबादेत व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली; पुढं समूहाचं मुख्यालय पुण्यात आलं. परदेशी कंपन्यांच्या सहकार्यानं वाण इथं आणून अंड्यांसाठी 'बीव्ही ३००' आणि मांसासाठी 'व्हेनकॉब' ही नावं त्यांनी घरोघर नव्हे, पण शेडोशेड पोचवली.

पण राव यांचं मला अधिक महत्त्वाचं वाटणारं काम वेगळं आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अंड्यांचे दर व्यापारी ठरवत आणि ते उत्पादनखर्चाच्याही खाली जात. राव यांनी देशभर हिंडून शेकडो सभा घेतल्या आणि १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे एनईसीसी, उभी राहिली. 'माझं अंडं, माझा दर, माझं आयुष्य' अशी तिची घोषणा होती. समिती रोज सूचक दर जाहीर करू लागली आणि व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघणारा शेतकरी त्या दरावर बोट ठेवून बोलू लागला. या घोषणेत प्रत्येक वेळी 'माझं' आहे, हे लक्षात घेण्याजोगं आहे. अंड्यांच्या धंद्यात पिल्लू कंपनीचं विकत घ्यावं लागलं, तरी कोंबडी शेतकऱ्याची राहिली. म्हणून दरासाठी एकत्र येणं शक्य झालं. ज्याची कोंबडीच आपली नाही, त्यानं कुठला दर मागायचा?

ब्रॉयलरमध्ये नव्वदच्या दशकात जॉर्जियाचाच इतिहास तमिळनाडूत घडला. कोइमतूर-उदुमलपेट भागात सुगुणासारख्या कंपन्यांनी दरांच्या चढउतारात सापडलेल्या शेतकऱ्यांशी पालनाचे करार सुरू केले. तिथून ही पद्धत आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्रात पसरली. आज आपल्याकडे 'पोल्ट्री टाकली' असं कुणी म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्यानं शेड टाकलेली असते. पोल्ट्री कंपनीची असते. आता पंखे, पॅड आणि पडदे लावलेल्या ईसी शेडचा आग्रह वाढतो आहे. शेड जितकी आधुनिक, तितकं कर्ज मोठं. आणि बॅचेस किती आणि कधी द्यायच्या, हे ठरवणार कंपनी.

या पद्धतीचा आधारही पुन्हा दिसला. २०२०च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीमुळं करोना होतो अशी अफवा पसरली आणि ब्रॉयलरचे दर मातीमोल झाले. स्वतःचे पक्षी असलेले शेतकरी भरल्या शेडनिशी बुडाले. करारवाल्यांना दराचा तो थेट फटका नव्हता. पण बाजार पडला की कंपनी नवी पिल्लं टाकण्याचं थांबवते आणि रिकाम्या शेडचा पालनदर शून्य असतो. बँकेचा हप्ता मात्र पिल्लं मोजून येत नाही.

*

अमेरिकेत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तिथं अनेक कंपन्या शेतकऱ्यांना ठरावीक दर देत नाहीत. एकाच आठवड्यात पक्षी दिलेल्या शेतकऱ्यांची क्रमवारी लावतात. सरासरीपेक्षा कमी खाद्यात वजन आणलं त्याला जास्त, ज्याला खाद्य जास्त लागलं त्याला कमी. ऐकायला हे गुणवत्तेचं वाटतं. पण पिल्लं कुठल्या कळपाची आली, खाद्य कसं आलं, गाडी कोणत्या दिवशी आली, हे सगळं कंपनीच्या हातात आणि क्रमांक मात्र शेतकऱ्याचा. २०१० साली न्याय आणि कृषी या दोन्ही खात्यांनी मिळून अलाबामात यावर जाहीर सुनावणी घेतली. २०२३ च्या अखेरीस कृषी खात्यानं नियम केला की कंपन्यांनी पिल्लं-खाद्यातले फरक आणि उत्पन्नाची खरी आकडेवारी शेतकऱ्यांपुढं ठेवावी.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो २०१६ सालचा नियम. आदल्या वर्षी बर्ड फ्लूनं अमेरिकेत सुमारे पाच कोटी पक्षी गेले होते. भरपाई द्यायची तर ती पक्ष्यांच्या मालकाला. मग सहा आठवडे राबलेल्या पाळणाऱ्याचं काय? कृषी खात्यानं नियम करून ती भरपाई मालक आणि करारावर पाळणारा यांच्यात वाटून देण्याची तरतूद केली.

आपल्याकडे १८ फेब्रुवारी २००६ या दिवशी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. शेडमधले लाखो पक्षी मारले गेले, आसपासच्या घरांतल्या गावरान कोंबड्याही गेल्या. सरकारी भरपाई मोजली जाते ती मारलेल्या पक्ष्यांची, नष्ट केलेल्या अंड्यांची आणि खाद्याची. करारपालनात पक्षी कंपनीचे आणि खाद्यही कंपनीचं. निर्जंतुक करून महिनोन् महिने रिकामी ठेवलेली शेड या हिशेबात कुठंच बसत नाही.

२०२० साली केंद्रानं करार शेतीचा जो कायदा केला, त्यात कुक्कुटपालनही धरलं होतं. तो इतर दोन कायद्यांबरोबर पुढच्या वर्षी मागं घेतला गेला आणि देशभरच्या त्या वादात कोंबडीपालकाचं नाव फारसं कुणी घेतलं नाही. त्याची बाजू वेगळी होती: त्याच्यासाठी करार येऊ घातलेला नव्हता, तो कधीच आलेला होता.

संकरित पक्षी आता कुणी परत पाठवणार नाही आणि पाठवूही नये; तो गेला तर गरिबाचं ताट आधी रिकामं होईल. पैदाशीतलं निम्मंही परत येणार नाही. पण तोट्याचा वाटा नफ्याच्या वाट्याहून मोठा असता कामा नये, हे १८०४ साली फ्रान्सच्या शेतकऱ्यासाठी कायद्यात लिहिता आलं. ज्याच्या नावावर कोंबडी नाही पण कर्ज आहे, त्या माणसासाठी एवढं एक कलम आपल्या प्रत्येक पालनकरारात असायला हवं. आणि ते तिथं घालायचं काम कंपनीच्या मर्जीवर नव्हे, कायद्यावर सोपवायला हवं.